गाणी ठेवायची कुठे? घरच्या म्युझिक सर्व्हरसाठी स्वस्तातलं स्टोरेज

(भाग ऐकायला वेळ नसेल त्यांच्यासाठी हे शब्दांकन. बोलण्यातले "म्हणजे" आणि "अं" शक्य तितके काढलेत, सगळे निघाले नाहीत.)

आजचा भाग कर्जतला घरीच रेकॉर्ड केलाय. स्टेशन जवळ आहे, त्यामुळे मध्येच एखाद्या गाडीचा हॉर्न आला तर समजून घ्या. घाट चढायला मागून जोर लावणारी बँकर इंजिनं इथेच जोडतात, आणि ती काही आमच्या रेकॉर्डिंगसाठी थांबत नाहीत.

गेल्या काही दिवसांत तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी एकच प्रश्न पाठवलाय. "ताई, घरात स्वतःचं म्युझिक स्ट्रीमिंग करायचंय, बजेट कमी आहे, कुठलं नॅस घेऊ?"

उत्तर आधीच देऊन टाकते. तुमच्यापैकी बहुतेकांना दुकानातलं नॅस घ्यायची गरज नाही. पण त्यात जे पैसे वाचतील त्यातून एक दुसरी डिस्क मात्र घ्यायलाच हवी. हे मी शहाणपणानं सांगत नाहीये, फटका खाऊन सांगतेय. ती गोष्ट येईलच.

आधी नॅस म्हणजे काय ते दोन वाक्यांत. नेटवर्क अटॅच्ड स्टोरेज. म्हणजे एका कॉम्प्युटरला चिकटलेली डिस्क नाही, तर घरच्या राउटरला जोडलेली, घरातल्या कुठल्याही फोनला, टीव्हीला, स्पीकरला वायफायवरून दिसणारी डिस्क. त्यावर एक छोटं सॉफ्टवेअर चालतं, ते गाण्यांची यादी करतं आणि फोनवरच्या ॲपला गाणं पाठवतं. स्वतःचं घरगुती स्पॉटिफाय म्हणा ना.

आता कोणी म्हणेल, खरं स्पॉटिफाय आहे की! आहे. पण २०२३ मध्ये काय झालं आठवतंय? झी म्युझिकची गाणी एका सकाळी स्पॉटिफायवरून गायब झाली, कारण दोन कंपन्यांचा करार जमला नाही. रेसो ३१ जानेवारी २०२४ ला भारतात बंद झालं. त्याच वर्षी विंक बंद झालं, लोकांच्या वर्षानुवर्षं जमवलेल्या प्लेलिस्ट तिथेच राहिल्या. आणि ॲपमध्ये "डाउनलोड" केलेलं गाणं हे तुमच्याकडे आलेलं गाणं नसतंच, वर्गणी थांबली की तेही वाजायचं थांबतं. तरी मी म्हणेन, हिट गाण्यांसाठी ॲपच बरं. ती आज गेली तर उद्या दुसरीकडे मिळतात. घरचा सर्व्हर खरा उपयोगी पडतो तो जी गाणी कुठल्याच ॲपवर नाहीत त्यांच्यासाठी.

आमच्या घरी ती आजोबांची होती. आईचे वडील, खालापूर तालुक्यातले. गावात त्यांचं भजनी मंडळ होतं. हरिपाठ, काकडा, सप्त्यातली भजनं, गवळणी, सगळं कोणीतरी टेपरेकॉर्डर मध्ये ठेवून रेकॉर्ड केलेलं. एकेचाळीस कॅसेटी, नव्वद मिनिटांच्या. आवाजाची क्वालिटी विचारू नका. पण एका अभंगात आजोबा मध्येच थांबून मृदंगवाल्याला म्हणतात, "अरे घाई कुठे आहे तुला, गाडी पकडायचीय का?" आणि मंडळ हसतं. ते कुठल्या ॲपवर मिळणार?

मी दोन पावसाळे खर्च करून त्या सगळ्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घेतल्या. मामाचा जुना डेक, लॅपटॉपला वायर, ऑडॅसिटी सॉफ्टवेअर. नव्वद मिनिटांची कॅसेट उतरवायला नव्वद मिनिटंच लागतात, त्याला शॉर्टकट नाही. सगळं एका एक्स्टर्नल डिस्कवर ठेवलं, डिस्क राउटरच्या यूएसबीला लावली, घरभर भजन वाजायला लागलं. आई खूश. दिवाळीच्या साफसफाईत बुरशी लागलेल्या कॅसेटी टाकून दिल्या. "आता डिस्कवर आहेत ना!"

पुढच्या मे महिन्यात वळीव आला. लाइट गेली, आली, गेली, आली, अशी चार-पाच वेळा. त्यानंतर डिस्कमधून टिक-टिक, टिक-टिक असा आवाज यायला लागला. ज्यांनी हा आवाज ऐकलाय त्यांना पोटात आलेला गोळा माहीत असेल. डेटा काढून देणाऱ्यांनी सांगितलेला आकडा माझ्या सगळ्या सामानाच्या किमतीपेक्षा मोठा होता, आणि "नक्की निघेल" असं ते म्हणायला तयार नव्हते.

वाचलं ते कल्याणच्या मावसभावामुळे. त्यानं गाडीत ऐकायला म्हणून सव्वीस कॅसेटी एमपी३ करून पेन ड्राइव्हवर नेल्या होत्या. पंधरा गेल्या.

तर हे डोक्यात ठेवून आता हिशोबाला बसू. गाण्यांना जागा किती लागते?

सीडीच्या दर्जाचा आवाज म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा, डावा-उजवा असे दोन चॅनल. गुणाकार केला तर सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट, म्हणजे तासाला ६३५ एमबी. फ्लॅक नावाचा प्रकार हाच आवाज एक कणही न गमावता दाबून साधारण निम्म्या जागेत बसवतो. तासाला ३५० एमबी धरा. ३२० चा एमपी३ तासाला १४४ एमबी.

म्हणजे एक टीबीच्या डिस्कवर फ्लॅकमध्ये २,८०० तासांहून जास्त संगीत मावतं. कर्जत ते सीएसएमटी शंभर किलोमीटर, जायला दोन तास, यायला दोन तास. रोज चार तास ऐकलं, एकही गाणं दुसऱ्यांदा लावलं नाही, तरी सातशे दिवस पुरेल. तेव्हा दुकानदार "आठ टीबी घ्या, पुढे लागेल" म्हणाला तर हसून पुढे जा. आठ टीबी लागतात ते सिनेमांना, लग्नाच्या व्हिडिओंना.

वेगाचंही तसंच. फ्लॅक गाण्याला सेकंदाला एक मेगाबिटपेक्षा कमीच लागतं. तुमचं सगळ्यात रडकं वायफायसुद्धा एवढं देतं. त्यामुळे "गिगाबिट", "क्वाड कोअर", "कॅश" ही जी अक्षरं खोक्यावर छापलेली असतात, त्यांच्यासाठी संगीतवाल्यांनी पैसे मोजू नयेत.

मग घ्यायचं काय? स्वस्तापासून वर जाऊ. किमती सगळ्या अंदाजे धरा, सध्या भाव फार वर-खाली होतायत.

सगळ्यात फुकट उपाय म्हणजे राउटरच्या मागचं यूएसबी भोक. डिस्क लावा, सेटिंगमध्ये जाऊन मीडिया सर्व्हर किंवा फाइल शेअरिंग चालू करा, फोनवर व्हीएलसी उघडा, झालं. मी हेच केलं होतं. अडचणी दोन. एक, कितीतरी राउटर फाइल शेअरिंगची इतकी जुनी पद्धत वापरतात की नवीन विंडोज त्यांच्याशी बोलायलाच तयार नसतं. दुसरी, राउटर गाण्यांची यादी नीट करत नाही. फोल्डरमध्ये शिरून गाणं शोधत बसावं लागतं. सुरुवात करून बघायला मात्र उत्तम, खर्च शून्य.

दुसरा उपाय माझा सगळ्यात आवडता. जुना लॅपटॉप. स्क्रीन फुटलेला, कीबोर्डची दोन बटणं गेलेली, चालेल. त्यावर लिनक्स टाका. लॅपटॉपच्या बॅटरीत अर्धा तास जरी जीव असेल तरी तुम्हाला फुकटचा यूपीएस मिळाला, आणि कर्जत-खालापुरात त्याची किंमत आपल्याला माहीत आहे. गंमत बघा, खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र १९१५ पासून, भिवपुरीला १९२२ पासून. वीज मुंबईला पाठवण्यात आपली शंभर वर्षं गेली आणि वळीव आला की मेणबत्ती आपणच शोधतो. असो. बॅटरी चोवीस तास शंभर टक्क्यांवर ठेवू नका, फुगते. बऱ्याच लॅपटॉपमध्ये चार्जिंग साठ किंवा ऐंशी टक्क्यांवर थांबवायची सोय असते, ती शोधा.

तिसरा, रास्पबेरी पाय. पत्त्यांच्या कॅटएवढा कॉम्प्युटर. पाय ४, अडॅप्टर, कार्ड, केस असं सगळं धरून सात-आठ हजारांत बसतं, डिस्क वेगळी. संगीतासाठी ताकद भरपूर. पण इथे एक खड्डा आहे ज्यात खूप जण पडतात. पाय ४ च्या चारही यूएसबी पोर्टांना मिळून १.२ अँपिअरच करंट मिळतो. त्यावर दोन फिरत्या डिस्क लावल्या, वरून फोनचा जुना चार्जर अडॅप्टर म्हणून वापरला, की डिस्क मध्येच झोपते आणि तुम्ही सॉफ्टवेअरला शिव्या घालत बसता. योग्य अडॅप्टर घ्या, आणि शक्यतो एसएसडी लावा, ती कमी वीज खाते. दुसरं म्हणजे, पायचं मेमरी कार्ड अचानक लाइट गेली की खराब होऊ शकतं, म्हणून गाणी कार्डावर कधीच ठेवायची नाहीत. कार्डावर फक्त सिस्टिम.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाणं होत असेल तर तिथे ऑफिसांतून निघालेले छोटे मिनी पीसी मिळतात, दहा हजारांच्या अलीकडे-पलीकडे. पायपेक्षा जास्त दमदार. बिल घ्या, आणि दुकानातच चालू करून बघा.

आणि शेवटी दुकानातलं तयार नॅस. सिनॉलॉजी, क्यूनॅप वगैरे. दोन डिस्कचा डबा वीस हजाराच्या घरात जातो, आणि तो रिकामा येतो! डिस्क वेगळ्या घ्यायच्या. वाईट आहे का? अजिबात नाही. घरात चार जणांचे फोटो, बाबांची कागदपत्रं, सगळं त्यावरच जाणार असेल आणि लिनक्सच्या काळ्या स्क्रीनची भीती वाटत असेल, तर जरूर घ्या. नुसत्या गाण्यांसाठी मात्र ते म्हणजे भाजी आणायला टेम्पो.

विजेचं बिल विसरू नका, कारण हे यंत्र रात्रंदिवस चालणार. युनिटला दहा रुपये धरले तर पाय आणि एसएसडी मिळून सहा वॉटचे वर्षाला सव्वापाचशे रुपये. लॅपटॉप पंधरा वॉट खात असेल तर तेराशे. आणि घरात पडलेला जुना डेस्कटॉप, ज्याला आपण "फुकट" समजतो, तो साठ वॉट खाऊन वर्षाला सव्वापाच हजार घेतो. दोन वर्षांत नवीन पाय आणि डिस्क आली असती.

सॉफ्टवेअरबद्दल थोडक्यात. मी नॅव्हिड्रोम वापरते, फुकट आहे, हलकं आहे. फोनवर सबसॉनिक पद्धत समजणारं कुठलंही ॲप चालतं, अँड्रॉइडवर सिम्फोनियम (हे विकत आहे), आयफोनवर अँपरफाय. व्हिडिओही हवे असतील तर जेलीफिन. गाण्यांची माहिती भरताना एक पथ्य पाळा. गायकाचं नाव एकदा देवनागरीत लिहिलंत तर सगळीकडे देवनागरीतच. नाहीतर एकाच गायकाचे तीन गायक होतात.

आता खरा मुद्दा. एका ऐकणाऱ्यानं खोपोलीहून विचारलंय, "दोन डिस्कचं नॅस घेतलं आणि दोन्हीवर तेच ठेवलं, रेड वन की काय ते, तर मग बॅकअप झालाच ना?"

नाही झाला, दादा. आरशाचं काम आहे ते. एक डिस्क मेली तर दुसरी चालू राहते, एवढंच. पण तू चुकून फोल्डर डिलीट केलास तर आरशातूनही त्याच सेकंदाला गेला. वीज आत शिरली तर एकाच डब्यातल्या दोन्ही डिस्क तिच्याच रस्त्यावर बसलेल्या असतात. पाणी शिरलं तरी तेच. आणि आपल्याकडे पाणी शिरतं. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली होती, आठवतंय ना? रूळ दिसत नव्हते. ती आपलीच उल्हास नदी.

म्हणून दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर, एरवी न जोडलेली. आणि जे परत मिळणारच नाही त्याची तिसरी प्रत दुसऱ्या गावात. मावशी, आत्या, होस्टेलवरचा मित्र, कोणीही चालेल. आमची आता कल्याणला असते.

इथे थांबून एक आकडा ऐका, कारण मला तो फार उशिरा सुचला. एकेचाळीस कॅसेटी गुणिले दीड तास, साडेएकसष्ट तास. फ्लॅकमध्ये साडेएकवीस जीबी. म्हणजे आजोबांची सगळी भजनं ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हवर मावली असती. काही शे रुपयांच्या. मी एक टीबीची डिस्क जपत बसले होते, आणि त्यातलं जपण्यासारखं होतं ते एवढंसं. बाकीचं सगळं पुन्हा मिळालं, काही सीडीवरून, काही विकत.

तेव्हा सामान घ्यायच्या आधी आपल्या गाण्यांचे दोन फोल्डर करा. एक "परत मिळेल" आणि एक "परत मिळणार नाही". दुसरा बहुतेक वेळा लाज वाटावी इतका छोटा निघतो. आजीच्या जात्यावरच्या ओव्या, बहिणीच्या अरंगेत्रमचं रेकॉर्डिंग, कॉलेजच्या बँडचे डेमो. त्याच्या तीन प्रती आजच करता येतात, सर्व्हर पुढच्या वर्षी घेतलात तरी चालेल.

बॅकअपची डिस्क कपाटात ठेवताना पावसाळ्याचा विचार करा. चालू असलेली डिस्क स्वतःच्या उबेनं कोरडी राहते, दमट हवेचा त्रास होतो तो पडून असलेल्या डिस्कला. घट्ट झाकणाचा डबा, आत बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या, आणि डबा वरच्या फळीवर. आणखी एक. वर्षानुवर्षं विजेशिवाय पडून राहणाऱ्या प्रतीसाठी एसएसडी किंवा पेन ड्राइव्हवरच विसंबू नका, त्यातला डेटा चार्जच्या रूपात असतो आणि तो हळूहळू ओसरतो. तिथे साधी फिरती हार्ड डिस्क बरी. पेन ड्राइव्ह असेल तर अधूनमधून लावून, नव्यानं भरून ठेवा.

लाइटचं सांगायचं राहिलं. लॅपटॉप नसेल तर राउटरसाठी मिळतो तसा छोटा यूपीएस घ्या, पण त्याचे व्होल्ट तुमच्या यंत्राशी जुळतात का ते आधी बघा. राउटरला बहुधा १२ लागतात, पायला ५. सर्व्हरला कायम लावलेली डिस्क लिनक्सच्या ईएक्सटी४ मध्ये फॉरमॅट करा. एक्सफॅट सगळीकडे चालतं म्हणून मोह होतो, पण लिहिता लिहिता लाइट गेली तर एक्सफॅटला अर्धवट काम सावरता येत नाही. ईएक्सटी४ आधी नोंद करून मग काम करतं. आणि विजा कडाडायला लागल्या की प्लग काढा. आमची आजी टीव्हीचा काढायची, आम्ही हसायचो.

घराबाहेर, लोकलमध्ये ऐकायचं असेल तर? पुष्कळ जण राउटरचं पोर्ट उघडून सर्व्हर थेट इंटरनेटवर ठेवतात. नका करू. २०२२ च्या जानेवारीत डेडबोल्ट नावाच्या रॅन्समवेअरनं इंटरनेटवर उघडी असलेली क्यूनॅपची नॅस शोधून लोकांच्या फाइलींना कुलपं लावली आणि किल्लीसाठी बिटकॉइन मागितले. तसंही आपल्याकडच्या बऱ्याच कनेक्शनना स्वतःचा सार्वजनिक पत्ता नसतो, त्यामुळे पोर्ट उघडूनही काही होत नाही. त्यापेक्षा टेलस्केल घ्या. सर्व्हरवर आणि फोनवर एकाच खात्यानं लॉगिन केलं की दोघांमध्ये खाजगी बोगदा तयार होतो, घरगुती वापराला फुकट. नॅव्हिड्रोम बाहेर पाठवताना गाणं दाबून लहानही करतं, त्यामुळे मोबाइल डेटा फार जात नाही. पण खरं सांगू? लोणावळ्याकडे निघालात आणि घाटातले बोगदे सुरू झाले की कुठलाच सर्व्हर कामाला येत नाही. निघायच्या आधी ॲपमध्ये दोन-चार अल्बम उतरवून ठेवा.

शेवटचं काम कंटाळवाणं आहे. सहा महिन्यांतून एकदा बॅकअपची डिस्क काढायची आणि त्यातली चार-पाच गाणी खरोखर वाजवून बघायची. नुसती फाइल दिसली म्हणजे ती चालते असं नाही. मी परवा बघितली. तो मृदंगवाला अभंग लावला. आजोबा रागावतात, मंडळ हसतं, आणि त्याच्या मागे लांबून इंजिनाचा हॉर्न येतो. इतकी वर्षं ऐकतेय, हे पहिल्यांदाच लक्षात आलं.

हो, आणि एक बातमी. गेलेल्या पंधरा कॅसेटींपैकी दोनच्या प्रती त्या मृदंगवाल्या काकांच्याच घरी सापडल्यात, ट्रंकेत, जुन्या लुगड्यात गुंडाळलेल्या. बुरशी थोडीच आहे. मामाच्या डेकचा बेल्ट मात्र तुटलाय. कर्जत, खोपोली, बदलापूर, कुठेही कोणाकडे चालू कॅसेट डेक असेल आणि दोन-तीन दिवस द्यायची तयारी असेल, तर खाली कमेंटमध्ये लिहा. येऊन नेईन, आणि परतही आणून देईन.